तक्रार : तुमच्या कमांडमधला ‘एल’ बिटचा की बाईटचा?

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : कमांड-लाईन ऑप्शन्सची अर्धवट माहिती आणि त्यापायी झालेला मनस्ताप

महोदय,

बेळगावात शहापूर भागात माझा व्हिडिओ शूटिंगचा धंदा आहे. तुमचं फाईल ट्रान्सफरचं सॉफ्टवेअर मी वर्षाचे 14,500 रुपये भरून घेतलंय. मध्ये चार पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, गळाले की टीसीपी ही इंटरनेटवर डेटा पाठवायची नेहमीची पद्धत वेग पाडते. तुमचं यूडीपी या दुसऱ्या पद्धतीवर चालतं आणि गळालेलं तेवढंच परत मागवतं. त्यात खोट नाही. खोट आहे ती हेल्पमध्ये.

आमच्याकडे शिवजयंती वैशाखात, तिथीने. नंतरची चित्ररथ मिरवणूक संध्याकाळी निघते ती उजाडेपर्यंत चालते. यंदा चार कॅमेऱ्यांचं मिळून 240 जीबी फुटेज झालं. एडिटर पुण्यात. दुसऱ्या दिवशी रात्री दहाला कमांड दिली. माझी लाईन अपलोडलाही 100 एमबीपीएसची, म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाईट (आठ बिटचा एक बाईट). सगळीच लाईन खाऊ नये म्हणून कमांडमध्ये वेग ठरवणाऱ्या ऑप्शनच्या अक्षरापुढे, म्हणजे लहान एलपुढे, ‘12एम’ लिहिलं. हेल्पमध्ये त्यासमोर दोनच शब्द आहेत : कमाल वेग. कशात? बिटमध्ये की बाईटमध्ये? तुमच्या प्रोग्रामने ते मेगाबिट धरले. झालं, दीड मेगाबाईटवर गाडी रांगायला लागली. साडेपाच तासांचं काम चव्वेचाळीस तासांवर गेलं.

फाईल पाठवणारे एससीपी आणि आरसिंक हे दुसरे दोन प्रोग्राम घ्या. एससीपीचा लहान एल किलोबिटमध्ये असतो, आरसिंकचा बीडब्ल्यूलिमिट हा वेगाचा ऑप्शन किलोबाईटमध्ये. घोळ तिथेही आहे, पण त्यांच्या मॅन्युअलमध्ये तसं लिहिलेलं तरी आहे. ती दोन्ही फुकट मिळतात, हे जाता जाता सांगतो.

पहाटे तीनला लाईट गेली. यूपीएसने दहा मिनिटं तग धरला. तोवर जेमतेम 27 जीबी गेलं होतं. सकाळी तीच कमांड परत दिली, तर पहिल्या फाईलपासून सुरुवात! अर्धवट राहिलेलं पुढे चालू करायला लहान के द्यावा लागतो आणि न दिल्यास तो शून्य, म्हणजे बंद, हे मला लॉग, म्हणजे प्रोग्रामने ठेवलेली नोंद, उघडल्यावर कळलं. जे सॉफ्टवेअर मोठ्या फाईलींसाठीच विकता, त्यात ही सोय मुळात बंद का ठेवलीय?

पी तर दोन आहेत. मोठा पी पोर्टचा, म्हणजे जोडणीच्या नंबराचा, लहान पी फाईलची मूळ तारीख-वेळ राखणारा. एससीपीतही असंच आहे, मान्य. पण तुमच्या यादीत लहान पी नाहीच. मी चाचणीला पाठवलेल्या क्लिप्सवर पुण्यात उतरल्याची वेळ पडली आणि कुठल्या कॅमेऱ्याचं कुठलं दृश्य कुणाच्या आधीचं, हे जुळवताना एडिटरने डोकं धरलं.

फोन केला तर तुमच्या ताई आधी कन्नडमध्ये बोलल्या. मला कन्नड येतं, सीमाभागात राहून न येऊन कसं चालेल! मी कन्नडमध्येच सगळं सांगितलं. उत्तर आलं, ‘‘सर, तुमचं इंटरनेट स्लो आहे.’’ लॉग पाठवू का विचारलं, तर गरज नाही म्हणाल्या. लॉगमध्ये टार्गेट रेट 12 मेगाबिट असं ढळढळीत छापलेलं होतं. तेवढी एक ओळ कुणी वाचली असती तर विषय तिथेच मिटला असता.

शेवटी त्याच रात्री हार्डडिस्क पुण्याच्या बसमध्ये टाकली. सकाळी एडिटरने ती स्टँडवरून नेली. नंतर मी ‘95एम’ टाकून बघितलं, तर तेच फुटेज साडेपाच तासांत गेलं.

तेव्हा माझ्या मागण्या : हेल्पमध्ये वेगाचं एकक आणि न दिल्यास धरली जाणारी किंमत प्रत्येक ऑप्शनसमोर लिहा. लहान पी यादीत घ्या. ‘पुढे चालू’ ही सोय मुळातच सुरू ठेवा. माझं लायसन्स एक महिना वाढवून द्या, आणि ‘इंटरनेट स्लो’ हा शेरा माझ्या तक्रारीवरून काढा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला कळवीन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मला राहत्या जिल्ह्यातच ग्राहक आयोगाकडे जाता येतं, त्यासाठी तुमच्या शहरात यायची गरज नाही.

कळावे,
आपला ग्राहक,
शहापूर, बेळगाव

सोबत : लॉग फाईल, हेल्पचे दोन स्क्रीनशॉट, बस पार्सलची पावती.