उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये? हा सल्ला मागे घ्या

महोदय,

कालच्या पुरवणीत पेट्रोल वाचवण्याच्या युक्त्या आल्या आहेत. त्यातली पाचवी वाचून मी पेपर खालीच ठेवला. म्हणे घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये सोडा, हल्ली डिस्क ब्रेक असतात, ते उघड्यावर असल्यामुळे तापत नाहीत. लिहिणाऱ्याने कधी घाट उतरल्यावर चाकाजवळ हात नेऊन पाहिला आहे का?

मी हाच उद्योग केला होता. शेजारी वडील, मागे आई. अर्ध्या घाटात आईने विचारलं, "काय जळतंय रे?" पुढच्या वळणावर पेडल मऊ लागलं आणि त्याच्या पुढच्या वळणावर थेट तळाला गेलं. हँडब्रेक तारेवर चालतो, दुसरा गिअर कसाबसा पडला, म्हणून डोंगराच्या बाजूला घासत गाडी थांबली. वडिलांनी डॅशबोर्ड दोन्ही हातांनी धरला होता, तो गाडी थांबल्यावरही कितीतरी वेळ सोडला नाही. अर्ध्या तासाने पेडल पुन्हा कडक! गॅरेजवाला म्हणाला, "ब्रेक तर ठीक आहेत." ठीक असणारच. ब्रेक ऑइल उकळून झालेली वाफ तोवर निवली होती. पेडलचा जोर चाकांपर्यंत ऑइलच नेतं; वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, सगळा घोळ एवढाच. त्याच गॅरेजने महिन्यापूर्वी जुन्या काळ्या ऑइलवर बाटलीतून थोडं नवीन ओतून लेव्हल भरून दिली होती.

हिशेब अवघड नाही. माणसांसकट 1500 किलोची गाडी 600 मीटर खाली उतरली की सुमारे 88 लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. ताशी 100 किलोमीटरवरून गाडी पूर्ण थांबवायला 5.8 लाख ज्यूल लागतात. म्हणजे एक घाट उतरणं हे तसे पंधरा वेळा ब्रेक मारण्यासारखं आहे. अशा एकाच थांब्यात पुढची सात किलोची डिस्क साधारण 60 अंशांनी तापते. वारा काही उष्णता नेतो, पण सतत ब्रेक दाबून धरला तर डिस्कला निवायला वेळच मिळत नाही. ही उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. डॉट 3 या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना निदान 205 अंश असावा लागतो, पाणी मुरल्यावर मात्र 140 असला तरी नियमाला पुरतो. आणि हे ऑइल हवेतली ओल शोषतच राहतं, म्हणून ते दर दोन वर्षांनी पूर्ण बदलायचं.

गिअरमध्ये उतरलं तर यातला मोठा वाटा इंजिन उचलतं. ज्या गिअरमध्ये तो चढ चढलो असतो, त्याच गिअरमध्ये उतरायचं. पेट्रोलचं म्हणाल, तर फ्युएल इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटर नसलेल्या) गाडीत गिअर पडलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की पेट्रोल बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये ते आयडलिंगला जळत राहतं. म्हणजे बचतीची युक्तीसुद्धा खोटीच.

ही चूक त्याच पानावर, त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत दुरुस्त करा, कोपऱ्यातल्या शुद्धिपत्रात नको. मागच्या वेळी माझ्या पत्रातले आकडे तुम्ही गाळले होते. कृपया या वेळी ते गाळू नका.

आपला,
एक नियमित वाचक