बेसमेंटला रंग देण्याआधी पाणी कुठून येतं ते शोधू या

प्रति,
मा. अध्यक्ष आणि व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य

विषय : बेसमेंटमधील ओल; रंगकामाआधी पाण्याचा उगम शोधण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

बेसमेंटच्या भिंती घासून, नवा गिलावा करून त्यावर वॉटरप्रूफ रंग देण्याचा प्रस्ताव समितीपुढे आहे, हे सूचना फलकावरून समजलं. समितीने हा विषय हाती घेतला याचं मनापासून समाधान वाटलं. तरीही हे काम सध्या थांबवावं, अशी विनंती करायला मी हे पत्र लिहिते आहे. भिंतीत पाणी कुठून शिरतं ते अजून आपल्याला माहीत नाही. ते कळेपर्यंत आतून दिलेला कोणताही रंग टिकणार नाही. त्याहून मोठी काळजी अशी की त्या रंगामागे चाललेली खराबी आपल्याला दिसेनाशी होईल.

जमिनीखालची भिंत आणि वरच्या मजल्यावरची भिंत यांत मोठा फरक आहे. बेसमेंटच्या भिंतीला बाहेरून माती टेकलेली असते आणि पाऊस मुरला की त्या मातीत पाणी साठतं. साठलेल्या पाण्याची पातळी भिंतीच्या बुडापासून एक मीटर वर असेल, तर बुडाशी दर चौरस मीटरवर सुमारे १००० किलो वजनाइतका दाब पडतो. दोन मीटरला तो दुप्पट होतो. आपण आतल्या बाजूने रंग लावतो तेव्हा हा दाब रंगाला भिंतीपासून बाहेर ढकलत असतो. म्हणून फुगे येतात, पोपडे सुटतात आणि नवा गिलावाही पोकळ होतो. ठेकेदाराने काम चोख केलं तरी हे टळत नाही.

ओल कुठे दिसते यावरून बरंच काही कळतं, म्हणून समितीच्या दोघा-तिघांनी टॉर्च घेऊन एकदा सावकाश बेसमेंटची फेरी मारावी. भिंत आणि फरशी मिळतात त्या कोपऱ्यात सलग ओली रेघ दिसली, तर संशय तिथल्या सांध्यावर घ्यावा. खालचं काँक्रीट आधी ओततात आणि भिंत नंतर उभी राहते. तो जोड बांधकामातला सर्वांत कच्चा दुवा असतो. भिंतीच्या मध्येच एखाद्या पाइपाभोवती गोल डाग असेल, तर पाइप आत येताना ठेवलेलं भोक नीट बुजवलेलं नसतं. छताला ओल असेल, तर जमिनीतल्या पाण्याचा संबंध बहुधा नसतोच. तेव्हा वरचं अंगण, झाडांचे वाफे किंवा वरून जाणारी सांडपाण्याची लाइन तपासावी लागते.

भिंतीवर मिठासारखी पांढरी पूड जमते, तिला आपण लोणा म्हणतो. पाणी काँक्रीट आणि विटांमधले क्षार विरघळवून घेतं आणि पृष्ठभागावर येऊन सुकलं की क्षार मागे सोडतं. म्हणजे भिंत आज हाताला कोरडी लागली तरी लोणा असेल तिथे पाणी येऊन गेलेलं आहे, हे नक्की. लोणा झाडून टाकण्याआधी त्याचे फोटो काढून ठेवायला हवेत.

डागांइतकंच महत्त्व वेळेला आहे, आणि त्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. मोठी सर आल्यावर काही तासांतच पाणी दिसलं, तर ते वरून थेट शिरतंय : रॅम्पवरून, भिंतीलगतच्या फरशीच्या फटींतून किंवा गच्चीचा पाइप जिथे मोकळा होतो तिथून. पाऊस थांबून दोन-चार दिवस गेल्यावर ओल वाढली, तर जमिनीतल्या पाण्याची पातळी चढलेली असते. आणि ऐन उन्हाळ्यातही एखादा कोपरा ओलाच राहिला, तर पावसाला दोष देण्यात अर्थ नाही. तिथे जमिनीखालची टाकी, पाण्याची लाइन किंवा ड्रेनेजचं चेंबर गळत असण्याची शक्यता जास्त. या तिन्हींचे इलाज पूर्णपणे वेगळे आहेत. भिंत रंगवणं हा यांपैकी एकाचाही इलाज नाही.

टाकीची शंका एका रात्रीत फिटते. रात्री टाकीत पाणी येणारा आणि टाकीतून पाणी जाणारा, असे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करावेत, पाण्याच्या पातळीवर खूण करावी आणि सकाळी पुन्हा पाहावं. पातळी उतरली असेल तर पाणी कुठेतरी जातंय. आधी मात्र व्हॉल्व्ह पूर्ण बंद होतात ना, हे प्लंबरकडून पाहून घ्यावं, नाहीतर उत्तर चुकीचं मिळेल. ड्रेनेजच्या लाइनसाठी चेंबरमध्ये गडद खाद्यरंग मिसळलेलं पाणी ओतून ओलीच्या जागी रंग उतरतो का ते बघता येतं.

आणखी एक चाचणी करावी, कारण दिसणारी सगळीच ओल गळतीची नसते. दमट दिवसांत बाहेरची हवा बेसमेंटच्या थंड भिंतीला लागते आणि तिच्यातली वाफ भिंतीवर पाणी होऊन जमते. हे ओळखायला जाड प्लास्टिकचा हातभर चौकोन भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावायचा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवायचा. प्लास्टिकच्या मागच्या, भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. पुढच्या बाजूला दिसले तर ते हवेतलं आहे. हवेतलं असेल तर अशा दमट दिवशी दारं सताड उघडी ठेवून काही साधत नाही, उलट ओल वाढते. कोरड्या दिवशी पंखे लावून हवा खेळवावी. साठवणीच्या बंद खोल्यांतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहील असं पाहिलं तर बुरशीला आळा बसतो. भिजलेल्या पुठ्ठ्यावर, कापडावर बुरशी धरायला २४ ते ४८ तास पुरतात. म्हणून भिंतीला टेकवलेली खोकी आणि जुन्या गाद्या आधी हलवायला हव्यात. भिंत आणि सामान यांच्यात वीतभर मोकळी जागा राहिली तर मागची ओल दिसतेही आणि वाळतेही.

आता बाहेरच्या बाजूबद्दल. माझ्या मते खरं काम इथे आहे आणि खर्चही इथेच सर्वांत कमी आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर पाणी. ५०० चौरस मीटरच्या गच्चीवर ५० मिलिमीटर पाऊस झाला तर २५,००० लिटर पाणी मोजक्या पाइपांतून खाली येतं. ते पाइप भिंतीच्या बुडाशीच मोकळे होत असतील, तर आपण स्वतःच्या हाताने बेसमेंटच्या भिंतीला पाणी पाजतो आहोत. प्रत्येक पाइपाचं पाणी बंद गटारात किंवा इमारतीपासून लांब सोडायला हवं. इमारतीभोवतीच्या जमिनीचा उतार बाहेरच्या बाजूला हवा. पहिल्या तीन मीटरमध्ये निदान १५ सेंटिमीटर उतार असावा, असा साधारण नियम आहे. पुष्कळदा फरसबंदी खचते आणि उतार नेमका उलटा, भिंतीकडे होतो. बादलीभर पाणी ओतून ते कुठे पळतं ते पाहिलं की कळतं. भिंतीला लागून असलेले फुलझाडांचे वाफे मलाही आवडतात, पण त्यांना रोज घातलेलं पाणी भिंतीलगतच मुरतं. ते वाफे थोडे पुढे सरकवावेत.

रॅम्पच्या तोंडाशी आणि तळाशी असलेल्या जाळीच्या गटारांत माती आणि पानं साचतात, तीही पावसाआधी उपसून काढायला हवीत.

बेसमेंटच्या खड्ड्यात साचलेलं पाणी बाहेर टाकणाऱ्या उपसा पंपाबद्दल मला जास्त काळजी आहे. पंप बसवलेला असणं आणि वेळेवर चालू होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खड्ड्यात पाणी ओतून तरंगता स्विच वर येतो का, पंप आपोआप सुरू होतो का आणि पाणी उतरल्यावर बंद होतो का, हे पावसाळ्याआधी आणि नंतर दर महिन्याला पाहावं. प्लास्टिकची एखादी पिशवी अडकली तरी तो स्विच जागचा हलत नाही. बाहेर टाकलेलं पाणी पाइपातून उलट परत येऊ नये म्हणून एकदिशा व्हॉल्व्ह लागतो. जास्तीचा दुसरा पंप हवा आणि दोन्ही पंप जनरेटरच्या लाइनवर हवेत, कारण मुसळधार पाऊस आणि वीज जाणं बहुतेक वेळा बरोबरच होतं.

समितीने सर्वांत गांभीर्याने घ्यावी अशी गोष्ट खांबांची आहे. काँक्रीट ताजं असतं तेव्हा अतिशय अल्कलीधर्मी असतं आणि त्यामुळे आतल्या सळईला गंज धरत नाही. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरला, किंवा पाण्याबरोबर क्लोराइडचे क्षार आत गेले, की हे संरक्षण संपतं आणि ओल मिळताच सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. तो आतून काँक्रीटला फोडतो, सळईच्या रेषेत उभी भेग पडते, तांबूस डाग उतरतो आणि मग ढलपे निघतात. अशा खांबावर हातोडीने हलकं ठोकलं तर पोकळ आवाज येतो. असा एक जरी खांब किंवा तुळई सापडली, तरी ती गवंड्याकडून लिंपून घेऊ नये. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावं आणि त्यांचा लेखी अहवाल घ्यावा. सगळ्या इमारतीचं वजन या खांबांवर आहे, आणि भिंतींबरोबर त्यांनाही रंग लागला तर ही लक्षणं झाकली जातील. माझा आक्षेप मुख्यतः यासाठी आहे.

ज्या भेगा दिसतात त्यांच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहावी. भेग रेघेपलीकडे गेली तर ती वाढते आहे, आणि वाढत्या भेगेत नुसतं सिमेंट भरून काही होत नाही.

उगम कळला की दुरुस्तीची पद्धत इंजिनिअर ठरवतील. ओलसर, पाझरत्या भेगांत पॉलियुरेथेनचं इंजेक्शन देतात. ते पाण्याशी संयोग होऊन फुगतं आणि फट बुजवतं. जिथे ताकद परत हवी तिथे कोरड्या भेगेत इपॉक्सी भरतात. बाहेरून खोदून भिंतीला वॉटरप्रूफिंग करणं सर्वांत खात्रीचं, पण खर्चिक. ते शक्य नसेल तर आतल्या बाजूने कडेला पन्हळ काढून पाणी पंपाच्या खड्ड्यात नेता येतं. रंगाचा नंबर या सगळ्यानंतर, भिंत पूर्ण वाळल्यावर.

मीटर रूम आणि लिफ्टचा खड्डा यांबद्दल एक सूचना लगेच अमलात आणावी. बेसमेंटमध्ये पाणी भरलं तर मुख्य वीजपुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कुणीही त्या पाण्यात पाय घालू नये, सुरक्षा रक्षकांनीही नाही. लिफ्ट आधी वरच्या मजल्यावर नेऊन बंद करावी. पाण्यात उभी राहिलेली गाडी सुरू करून बघण्याचा मोह टाळावा. मुख्य स्विच बेसमेंटबाहेरून बंद करता येतो का, हे इलेक्ट्रिशियनला याच आठवड्यात विचारून घ्यावं आणि रात्रपाळीच्या रक्षकांना दाखवून ठेवावं.

माझी विनंती एवढीच की, रंगकामाचा प्रस्ताव तूर्त बाजूला ठेवावा, टाकीची आणि प्लास्टिकची चाचणी लगेच करावी, गच्चीचे पाइप आणि उतार यांची कामं पावसाआधी उरकावीत, आणि येता पावसाळाभर बेसमेंटची नोंदवही ठेवावी : पाऊस कधी पडला, ओल कुठे आणि किती वेळाने दिसली, पंप किती वेळा चालला. सोबत दर वेळी त्याच जागेवरून काढलेले फोटो असावेत. ही नोंद हातात असली की इंजिनिअरचं काम सोपं होईल आणि ठेकेदारांकडून दरपत्रकंही नेमक्या कामाची मागवता येतील. सोसायटीच्या दप्तरात बांधकामाचे नकाशे आणि ड्रेनेजचा आराखडा असेल तर त्याच्या प्रती काढून ठेवाव्यात, त्या लागतीलच.

नोंदवही मी सांभाळायला तयार आहे. माझ्या मजल्यावरच्या दोन सभासदांनीही आळीपाळीने फेरी मारायची तयारी दाखवली आहे. हा विषय येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावा आणि पाच मिनिटं मला बोलू द्यावं. टाकीच्या चाचणीसाठी रात्री पाणी बंद ठेवावं लागेल, त्याची तारीख समितीने ठरवली तर सर्व सभासदांना आधी कळवण्याचं काम मी करीन.

आपली नम्र,
एक सभासद