एकाच मेंदूच्या दोन फायली

मा. आरोग्य व वैद्यकीय संशोधन मंत्री यांस,

सादर नमस्कार.

एचआयव्हीबाधितांच्या स्मरणशक्तीच्या आणि एकाग्रतेच्या चाचण्या घेणं हे माझं काम आहे. त्यातली एक चाचणी अगदी साधी असते. १२ शब्दांची यादी मी तीनदा वाचून दाखवते, मग दुसऱ्या कामात गुंतवते आणि वीस-पंचवीस मिनिटांनी विचारते, ‘मघाचे शब्द आठवतात का?’ काही काळापूर्वी एका माणसाला त्यातले तीन आठवले. रोजच्या गोळ्या तो नेमानं घेत होता. रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका खाली होता. बरीच वर्षं तो मेथॲम्फेटामाइन हा नशेचा उत्तेजक पदार्थही घेत होता आणि मी विचारताच त्यानं ते सरळ सांगून टाकलं. चाचणी संपल्यावर तो म्हणाला, ‘मॅडम, हे आजारामुळं झालंय की माझ्या कर्मामुळं?’

मला उत्तर देता आलं नाही. आणि त्याच दिवशी मला त्याचं नाव अभ्यासातून काढावं लागलं, कारण पात्रतेच्या अटींत ‘सध्या नशा करणारे वगळावेत’ असं एक कलम होतं. त्यानं खोटं सांगितलं असतं तर तो यादीत राहिला असता.

हे पत्र त्या कलमाबद्दल आहे, आणि ते कलम जिथून येतं त्या निधीच्या रचनेबद्दलही.

आमच्या क्षेत्रातला संशोधनाचा प्रस्ताव कसा फिरतो ते आपल्यापर्यंत बहुधा पोचत नसेल. मी एचआयव्हीच्या समितीकडे गेले. तिथं सांगण्यात आलं, हा तर व्यसनाचा विषय, त्या खात्याकडे जा. व्यसनाच्या समितीनं फाईल चाळली आणि म्हणाली, मुळात हा विषाणूचा प्रश्न आहे, आमच्या कक्षेत बसत नाही. इथंच घोडं पेंड खातं. रोग्याच्या कवटीत या दोन गोष्टी एकत्रच नांदतात, कागदावर मात्र त्यांची वाटणी झालेली असते. एका बैठकीत कुणीतरी ‘आधीच मर्कट, तशातच मद्य प्याला’ म्हटलं आणि सगळे हसले. मीही हसले, त्याची आता लाज वाटते. घरी येताना मनात आलं, माझ्या प्रस्तावाचं गृहीतक यापेक्षा नेमक्या शब्दांत मला तरी मांडता आलं नव्हतं. एकावर दुसरं चढलं की नेमकं काय होतं? पुढं त्या माकडाला विंचू चावतो, भूतबाधाही होते. आमच्या रोग्यांच्या बाबतीत तिथं हिपॅटायटिस सी, नैराश्य, झोपेचं खोबरं आणि बेघरपण असतं.

एचआयव्ही म्हटलं की आपल्याला रक्त आठवतं, मेंदू नाही. पण विषाणू मेंदूकडे फार लवकर वळतो. थायलंडमध्ये अगदी नुकती लागण झालेल्या लोकांच्या अभ्यासात, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, लागणीनंतर अंदाजे आठव्या दिवशीच मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात विषाणू सापडला होता. बहुतेकांना त्या वेळी आपल्याला लागण झाल्याचा पत्ताही नसतो. विषाणू चेतापेशींमध्ये शिरत नाही. रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींमध्ये दडून तो मेंदूत येतो आणि तिथल्या मॅक्रोफेज व मायक्रोग्लिया या राखणदार पेशींमध्ये बिऱ्हाड करतो. राखणदारच बिथरले की घराचं जे होतं तेच इथं होतं. त्या पेशी दाहकारक द्रव्यं सोडत राहतात, विषाणूची टॅट आणि जीपी१२० ही प्रथिनं त्यात भर घालतात, आणि ज्यांना लागण झालेलीच नाही त्या चेतापेशी झिजतात. १९९६ पासूनच्या एकत्रित उपचारांनी एड्सचा तीव्र बुद्धिभ्रंश दुर्मीळ केला, ही मोठी गोष्ट आहे. पण गोळ्यांनी रक्त स्वच्छ झालं म्हणून मेंदूतली धग पूर्ण विझते असं नाही.

आता उत्तेजक पदार्थ. चेतापेशी डोपामिन नावाचं निरोप पोचवणारं रसायन सोडतात आणि काम झालं की एका पंपानं ते परत आत ओढून घेतात. कोकेन हा पंप अडवतं. मेथॲम्फेटामाइन तोच पंप उलटा चालवतं, म्हणजे पेशीतला साठाही बाहेर पडतो. आणि विषाणूचं टॅट प्रथिन? प्रयोगशाळेत तेही याच पंपाच्या कामात ढवळाढवळ करताना दिसलंय. एवढंच नाही, मॅक्रोफेज पेशींवर डोपामिन ओळखणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात, आणि डोपामिन वाढलं की या पेशींना एचआयव्हीची लागण जास्त होते असं पेशींवरच्या प्रयोगांत आढळलंय. नशेनं उसळलेलं डोपामिन विषाणूला पायघड्या घालतं की काय, अशी शंका येते ती यामुळं. शिवाय मेथॲम्फेटामाइन रक्त आणि मेंदू यांच्यामधली भिंत सैल करतं. दोघांचा मार बसतो तोही बराचसा एकाच जागी: मेंदूच्या खोलात असलेली राखाडी केंद्रकं आणि त्यांना कपाळामागच्या भागाशी जोडणारे मार्ग. ठरवणं, आवरणं, लक्षात ठेवून वेळेवर करणं ही सगळी कामं तिथली.

पेशींच्या बशीत हे दिसतं. जिवंत माणसात ते किती, केव्हा आणि कुणात घडतं, हे पैशांअभावी अडून पडलेलं आहे.

माणसांवरची जी माहिती आहे ती विचारात पाडणारी आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात चार गट होते. दोन्हींपासून मुक्त असलेल्यांत १८ टक्के लोकांच्या आकलनशक्तीत बिघाड दिसला, फक्त एचआयव्ही असलेल्यांत ३८ टक्के, फक्त मेथॲम्फेटामाइनचं व्यसन असलेल्यांत ४० टक्के, आणि दोन्ही असलेल्यांत ५८ टक्के. सरळ बेरीज वाटते ना? मलाही वाटली होती. पण दुसऱ्याच वर्षी मेंदूच्या प्रतिमांचा एक अभ्यास आला, त्यात एचआयव्हीबाधितांच्या मेंदूचे काही भाग आक्रसलेले दिसले, तर मेथॲम्फेटामाइन घेणाऱ्यांच्या त्याच खोल केंद्रकांचा आकार वाढलेला. म्हणजे दोन्ही असलेल्या माणसाच्या स्कॅनमध्ये एक खूण दुसरीला झाकू शकते. आकार ठीक दिसेल आणि माणूस बारापैकी तीनच शब्द सांगेल. तो स्कॅन बघून एखादा डॉक्टर ‘सगळं नॉर्मल आहे’ म्हणाला तर त्याला दोष कसा द्यायचा?

मंत्रिमहोदय, आकड्यांनी घाबरवून मला निधी मिळवायचा नाही. आमच्याच क्षेत्राची एक चूक आधी कबूल करते. अमेरिकेत १,५५५ एचआयव्हीबाधितांच्या चार्टर या मोठ्या अभ्यासात निम्म्या लोकांत काही ना काही बिघाड नोंदला गेला आणि तो आकडा पुढं वर्षानुवर्षं मिरवला गेला. त्यातल्या बहुतेकांना रोजच्या जगण्यात काहीच अडचण नव्हती. कमी शिक्षण, परकी भाषा, चाचणीची सवय नसणं यांनीही गुण घसरतात. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटानं यावर स्पष्ट बोट ठेवलं: केवळ चाचणीतल्या कमी गुणांवरून कुणाच्या मेंदूला इजा झाली असं म्हणू नये. हा इशारा मला पटतो. पण मग नशेचा वाटा वेगळा काढायचा तर नशा करणारी माणसं अभ्यासात हवीत ना? त्यांनाच दाराबाहेर ठेवून आपण कुठला वाटा मोजणार आहोत?

खरं दुष्टचक्र गोळ्यांपाशी आहे. ‘पुढं करायची गोष्ट वेळेवर आठवणं’ ही स्मरणशक्तीची वेगळी तऱ्हा आहे, आणि एचआयव्हीत ती दुबळी होते. उत्तेजकं घेऊन सलग दोन-तीन रात्री जागलेल्या माणसाला दिवस कोणता हेच ठाऊक नसतं. गोळी चुकते, विषाणू वाढतो, मेंदूला पुन्हा झळ बसते, पुढची गोळी चुकायला आणखी सोपं होतं. २००३ च्या एका अभ्यासात उपचार चालू असलेल्या पण सध्या मेथॲम्फेटामाइन घेणाऱ्या लोकांच्या शरीरात विषाणू जास्त आढळला. पूर्वी घेऊन सोडलेल्यांमध्ये तसं नव्हतं. यात चुकलेल्या गोळ्यांचा भाग किती आणि पदार्थाच्या थेट परिणामाचा किती, हे रोज गोळ्यांची नोंद ठेवणाऱ्या, सलग काही वर्षं चालणाऱ्या अभ्यासाशिवाय सुटत नाही. आणि विषाणू दाबलेला राहिला तर तो लैंगिक संबंधातून जोडीदाराकडे जात नाही हे आता पक्कं सिद्ध आहे, त्यामुळं ही बाब त्या एका माणसापुरतीही नाही.

व्यसन सोडवायचं औषध देऊन मोकळं व्हावं, तर तेही हाती नाही. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावर मेथाडोन आहे, ब्युप्रेनॉर्फिन आहे. उत्तेजकांवर मान्यता मिळालेलं एकही औषध आज नाही. २०२१ साली नाल्ट्रेक्सोनचं इंजेक्शन आणि ब्युप्रोपियॉन यांची जोडी मेथॲम्फेटामाइनवर तपासली गेली. औषध घेणाऱ्यांपैकी १३.६ टक्के लोकांना गुण आला, नुसत्या औषधाच्या सोंगानं २.५ टक्क्यांना. फरक खरा आहे, पण शंभरातले शहाऐंशी तिथंच राहिले. त्यांच्या डोपामिनच्या यंत्रणेत एचआयव्हीही गुंतलेला असेल तर हीच औषधं तशीच चालतील का, हा प्रश्नसुद्धा दोन टेबलांच्या फटीत पडून आहे.

मग मागणं काय? पहिलं आणि सर्वात महत्त्वाचं, ते कलम काढा. जिथं नशेचाच परिणाम तपासायचा आहे तिथं नशा करणाऱ्याला प्रवेशबंदी म्हणजे तापाच्या औषधाची चाचणी ताप नसलेल्यांवर घेण्यासारखं आहे. संमती नीट घेता येईल का, असा आक्षेप येतो. येईल. झिंगेत असलेल्या माणसाची सही घेऊ नये हे मान्य, पण तो उद्या सकाळी शुद्धीवर असतो आणि त्याला सगळं कळतं. उलट त्याला मोठी भीती असते ती कागद पोलिसांच्या हाती पडण्याची. अमेरिकेत संशोधनाच्या नोंदी न्यायालयानं मागितल्या तरी उघड करता येऊ नयेत अशी कायदेशीर तरतूद आहे. तसं संरक्षण जिथं नाही तिथं खरी उत्तरं मिळत नाहीत, आणि खोट्या उत्तरांवर उभारलेल्या अभ्यासावर केलेला खर्च पाण्यात जातो. आपल्या सहीचा एक नियम जितकं काम करेल तितकं मोठं यंत्र करणार नाही.

दुसरं, दोन्ही समित्यांसाठी एकच अर्ज आणि एकच परीक्षक मंडळ. हे अशक्य नाही. अमेरिकेतली अंमली पदार्थांवरची राष्ट्रीय संशोधन संस्था, नायडा, एचआयव्ही संशोधनाला स्वतःच पैसा देते; तिच्या स्कॉर्च या कार्यक्रमात एचआयव्ही आणि अंमली पदार्थ यांचा मेंदूवरचा परिणाम एकेका पेशीच्या पातळीवर वाचला जातोय. सुरुवात अफूजन्य पदार्थांपासून झाली, पुढं कोकेन आणि मेथॲम्फेटामाइनही आले. व्यसनाची संस्था ‘हा आमचा विषय नाही’ म्हणाली नाही.

मुदतीबद्दल थोडक्यात सांगते. तीन वर्षांच्या अनुदानात पहिलं वर्ष परवानग्यांत जातं, शेवटचं अहवालात. मेंदू तेवढ्यात आपली गोष्ट सांगत नाही. दहा वर्षांची हमी द्या, हवं तर दर दोन वर्षांनी हिशेब मागा.

आणि विषाणूचा प्रकार. जगातल्या एचआयव्हीबाधितांपैकी जवळजवळ निम्म्यांमध्ये सी हा उपप्रकार आहे, पण मेंदूवरचं संशोधन मुख्यतः झालं ते श्रीमंत देशांतल्या बी उपप्रकारावर. सी उपप्रकाराच्या टॅट प्रथिनात बऱ्याचदा एका जागी एक अमिनो आम्ल वेगळं असतं, आणि त्यामुळं ते रक्तातल्या पेशींना मेंदूकडे कमी खेचतं असं प्रयोगांत दिसलंय. उत्तेजकांशी गाठ पडल्यावर हा फरक टिकतो की पुसला जातो? बी वरची उत्तरं उसनी आणून सी ला लावता येणार नाहीत.

मृत्यूनंतर मेंदू दान करणाऱ्यांचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकेतल्या सॅन दिएगोमध्ये ‘लास्ट गिफ्ट’ नावाच्या अभ्यासात, दुसऱ्या एखाद्या असाध्य आजारानं थोडेच दिवस उरलेले एचआयव्हीबाधित लोक स्वतःहून नाव नोंदवतात. मृत्यूनंतर काही तासांतच त्यांच्या ऊती जपल्या जातात, कारण विषाणू मेंदूत कुठं दडलाय हे जिवंतपणी बघता येत नाही. माझ्या रोग्यांना मी हे सांगते तेव्हा ज्यांना जगानं निरुपयोगी ठरवलं तेच आधी विचारतात, ‘आमचा चालेल का? आम्ही नशा करतो.’ त्यांना हो म्हणायला मला आवडेल. ऊती जपून ठेवणारी अशी पेढी चालवायची तर अतिशीत कपाटं, रात्री-अपरात्री फोन उचलणारी माणसं आणि न तुटणारा वीजपुरवठा लागतो. दरवर्षी नव्यानं मंजुरी घ्यावी लागणाऱ्या निधीवर ती चालत नाही.

तो तीन शब्दवाला माणूस गेल्या महिन्यात परत आला होता, चाचणीसाठी नाही, सहज. अभ्यासात आता घेतील का, असं त्यानं विचारलं. मी अर्जाची नवी प्रत उघडून पाहिली. कलम तिथंच आहे, क्रमांक तेवढा बदललाय.

आपली नम्र,
एक मेंदू-चाचणीकार