केसपेपरवर माणसाची अडचणही लिहा

मा. संपादक,
स. न.

मानसिक आजारांनाही आरोग्य विम्याचे संरक्षण मिळते, ही माहिती आपल्या पुरवणीत वाचली. ती देणे गरजेचेच होते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ च्या कलम २१(४) नुसार शारीरिक आजारांच्याच धर्तीवर मानसिक आजाराच्या उपचारांसाठी विमा देणे कंपन्यांवर बंधनकारक आहे. तरीही २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला ते एका निकालात बजावावे लागले आणि २०२२ मध्ये विमा नियामकाला कंपन्यांना मुदत घालून द्यावी लागली. पण हा झाला रुग्णालयाच्या बिलाचा प्रश्न. माणूस कामावरच जाऊ शकत नाही, पगार बंद होतो, तेव्हा घर कसे चालवायचे? वैयक्तिक अपघात पॉलिसीत अपंगत्वाची भरपाई असते, पण अपघाताने आलेल्या अपंगत्वाची. स्किझोफ्रेनियाने हातचे काम गेलेल्याला तिचा काही उपयोग नाही.

ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कार्ड असलेल्या कामगाराला मात्र एक आधार आहे, आणि तो पुष्कळांना ठाऊकच नसतो. साध्या आजारपणात त्याला वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. त्यापुढे ३४ दीर्घकालीन आजारांसाठी वाढीव आजारपण लाभ आहे. तो ८० टक्के दराने जास्तीत जास्त दोन वर्षे मिळू शकतो. सायकोसिस गटातले, म्हणजे स्किझोफ्रेनियासारखे भास-भ्रमाचे मानसिक आजार या यादीत आहेत. दोन वर्षांची सलग नोकरी आणि ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. ही अट पुरी करणारे कामगार आमच्या भोसरीत गल्लोगल्ली सापडतील. अडते ते कागदावर.

माझा धाकटा भाऊ सीएनसी म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर ऑपरेटर होता. त्याच्या केसपेपरवर महिनोन्‌महिने एकच मजकूर आहे : ‘झोप बरी. तक्रार नाही. औषधे तीच चालू.’ यातले काहीच खोटे नाही. औषधाने कानात येणारे आवाज कमी झाले होते, झोप लागत होती. पण त्याच काळात तो व्हर्निअर हे मापाचे साधन हातात घेऊन तोच जॉब, म्हणजे तोच सुटा भाग, पुन्हा पुन्हा मोजत उभा राहायचा. मशीनमध्ये ऑफसेट, म्हणजे मापाच्या फरकाचा आकडा, टाकायला वळला की तो डोक्यातून गेलेला असायचा. मागे कोणी हसले की ते आपल्यालाच, असे वाटून मशीन चालू ठेवून बाहेर जायचा. शेवटी सुपरवायझरने त्याला मशीनवरून काढून पॅकिंगला बसवले, आणि पुढे तेही जमेना. यातली एक ओळही केसपेपरवर नाही. मग कागद तपासणाऱ्याने काय समजावे? ‘तक्रार नाही’ असे डॉक्टरच लिहितात, तर हा कामावर का जात नाही, असाच प्रश्न त्याला पडणार.

वास्तविक, अडचण मोजायची पद्धत आपल्याकडे ठरलेली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये मानसिक आजार हा २१ दिव्यांगत्वांपैकी एक आहे आणि त्याचे मोजमाप ‘आयडियाज’ या मापनश्रेणीने होते. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने ती तयार केली. स्वतःची निगा, माणसांशी संबंध, संवाद व आकलन आणि काम अशा चार बाबींना प्रत्येकी शून्य ते चार गुण द्यायचे आणि त्यात आजाराच्या कालावधीचे गुण मिळवायचे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व निघाले तर दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचा खरा उपयोग होतो. संजय गांधी निराधार योजना, प्राप्तिकरातील सवलत, नोकरीतले आरक्षण हे सगळे त्यावर अवलंबून. ईएसआयचा लाभ त्यापेक्षा वेगळा आणि त्याचे वैद्यकीय तपासणीचे मार्गही वेगळे. पण या चार बाबींविषयी लिहिलेला कागद दोन्हीकडे उपयोगी पडतो.

आमची प्रमाणपत्राची पहिली तपासणी एका सरकारी रुग्णालयात झाली. आईने पहाटे उठून त्याला अंघोळ घातली, दाढी करवून घेतली, इस्त्रीचा शर्ट घातला. मोठ्या डॉक्टरांपुढे पोरगा गबाळा दिसू नये, एवढेच तिच्या मनात. त्याला नाव, वार, राहण्याचे ठिकाण विचारले. त्याने सगळे बरोबर सांगितले. शर्टाची बटणे कोणी लावली, हे कोणी विचारले नाही. घरच्या माणसाची माहिती घेणे हा या मापनाचा भागच आहे, पण आई दाराबाहेर बाकावर बसून होती. टक्केवारी ४० च्या आत आली.

दुसऱ्या वेळी आमच्याकडे घरची वही होती. ती ठेवायला आम्हाला एका मनोविकार सामाजिक कार्यकर्तीने शिकवले. ‘फार त्रास देतो’ असे लिहू नका, तारीख घालून लिहा, असे तिचे सांगणे. दोनदा सांगूनही अंघोळ केली नाही. दुकानात पाठवला, पैसे देऊन सामान तिथेच ठेवून आला. पाहुणे आले तेव्हा मोरीत जाऊन कडी लावून बसला. चांगले दिवसही लिहायचे. नुसत्या वाईट दिवसांची वही कोणाला खरी वाटत नाही, आणि ती खरी नसतेही. सोबत कारखान्याचे हजेरीपत्रक आणि सुपरवायझरचे चार ओळींचे पत्र जोडले. जुने कागद गहाळ झाले असतील तर मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या कलम २५ नुसार आपल्या मूलभूत वैद्यकीय नोंदी मागण्याचा हक्क रुग्णाला आहे. तो वापरावा. या खेपेला डॉक्टरांनी आईला आत बोलावले, वही वाचली, आणि प्रमाणपत्र मिळाले.

ओपीडीत एका रुग्णाला किती मिनिटे मिळतात, ते आम्ही रांगेत बसून पाहिले आहे. डॉक्टरांना दोष देण्याचा हेतू नाही. पण दर भेटीला नाही, तरी तीन-चार महिन्यांतून एकदा या चार बाबींवर चार ओळी केसपेपरवर उतरल्याच पाहिजेत. हे काम सामाजिक कार्यकर्ते घरच्यांशी बोलून करू शकतात. त्यांची पदे भरावीत आणि त्यांची नोंद दिव्यांगत्व तपासणाऱ्या वैद्यकीय बोर्डाने ग्राह्य धरावी. दाव्याचे कागद अपुरे वाटले तर तो फेटाळण्याआधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना लेखी विचारावे.

एका गोष्टीची मात्र काळजी घ्यायला हवी. तो काय करू शकत नाही, हे कागदावर हवे. त्याला कोणाचे आवाज येतात, कोणावर संशय आहे, याची कारखान्याच्या ऑफिसला गरज नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्याच कलम २३ ने गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. भाऊ उद्या बरा होऊन त्याच गेटातून आत जाणार असेल, तर त्याच्या भ्रमांची चर्चा कँटीनमध्ये झालेली नसावी.

आपल्या पुरवणीत एखाद्या मनोविकारतज्ज्ञाकडून केसपेपरवरील अशा नोंदीचा आणि घरच्या वहीच्या एका पानाचा नमुना छापावा, ही विनंती. कात्रण काढून दवाखान्यात नेता येईल, असा.

भावाची ओळख उघड होऊ नये म्हणून माझे नाव प्रसिद्ध करू नये.

– एका रुग्णाचा थोरला भाऊ, भोसरी