क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ आहे म्हणून डोसही तोच?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडणाऱ्या रुग्णांनी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या परस्पर बंद का करू नयेत, हा आपल्या आरोग्य पुरवणीतला लेख वाचला. गोळी थांबवली की हृदयात गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो, हे त्यात ठासून सांगितले ते बरे झाले. मात्र मूत्रपिंडाचा विषय ‘किडनीचा त्रास असल्यास डोस कमी करावा’ एवढ्या एका वाक्यात उरकला आहे. रुग्णालयाच्या औषध विभागात रोज प्रिस्क्रिप्शन तपासणारी फार्मासिस्ट म्हणून सांगते, सगळा घोळ या एका वाक्यातच आहे.

मुळात त्रास आहे की नाही हे ठरवायचे कशावरून? रिपोर्टवर क्रिएटिनिन (स्नायूंतून तयार होणारा आणि मूत्रपिंडावाटे बाहेर पडणारा टाकाऊ पदार्थ) 1.1 दिसले की घरचे निर्धास्त होतात. पण तोच आकडा 45 वर्षांच्या, 80 किलो वजनाच्या पुरुषाचा असेल, तर कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडाची रक्त गाळण्याची क्षमता, मिनिटाला 96 मिलिलिटरच्या आसपास येतो. 82 वर्षांच्या, 45 किलोच्या आजींचा असेल, तर जेमतेम 28! वयाबरोबर स्नायू झडतात, क्रिएटिनिन तयारच कमी होते आणि रिपोर्ट फसवा चांगला दिसतो. हे सूत्र 1976चे आहे आणि त्यात वजन लागते. रिपोर्टवर छापून येणाऱ्या ईजीएफआरमध्ये (मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज) रुग्णाचे वजन धरलेले नसते. डॅबिगाट्रान, रिव्हारॉक्साबॅन, अपिक्साबॅन या रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांच्या मोठ्या चाचण्यांमध्ये डोस ठरवताना कॉकक्रॉफ्ट-गॉल्टच वापरले गेले, त्यामुळे कृश वृद्धांच्या बाबतीत नुसत्या ईजीएफआरवर विसंबणे महागात पडू शकते. आणि वजन? ते प्रिस्क्रिप्शनवर क्वचितच लिहिलेले असते. फोन करून विचारावे तर उत्तर येते, ‘असेल पन्नास-पंचावन्न.’

दुसरी गोष्ट, सगळ्या गोळ्यांना एकच नियम नाही. डॅबिगाट्रानचा सुमारे 80 टक्के निचरा मूत्रपिंडातून होतो, अपिक्साबॅनचा साधारण 27 टक्के. एट्रियल फिब्रिलेशनसाठी रिव्हारॉक्साबॅन देताना क्लिअरन्स 50च्या खाली गेला की 20ऐवजी 15 मिलिग्रॅम देतात. अपिक्साबॅनचा हिशोब निराळा: वय 80 किंवा जास्त, वजन 60 किलो किंवा कमी, क्रिएटिनिन 1.5 किंवा जास्त, या तिन्हींपैकी दोन गोष्टी जुळल्या तर दिवसातून दोनदा 5ऐवजी 2.5 मिलिग्रॅम. आता 70 वर्षांचे, 75 किलोचे, क्रिएटिनिन 1.8 असलेले गृहस्थ घ्या. क्लिअरन्स 40च्या घरात, म्हणजे रिव्हारॉक्साबॅन असेल तर डोस कमी. अपिक्साबॅन असेल तर तिन्हींतली एकच अट लागू, म्हणून डोस पूर्ण! उलट वरच्या आजींचे क्रिएटिनिन 1.1 असूनही वय आणि वजन यांमुळे त्यांना अपिक्साबॅन निम्मेच. शिवाय हे नियम एट्रियल फिब्रिलेशनचे. पायातल्या शिरेत गुठळी झालेल्या रुग्णाला तीच गोळी दिली, तर हिशोब बदलतो.

जास्त डोसमुळे रक्तस्राव होतो, हे भय सर्वांनाच असते. ‘वय झालंय, किडनीही जरा मंद आहे, जपून देऊ’ म्हणून अटी न तपासता दिलेला अर्धा डोस मात्र कुणाला खटकत नाही. माझ्या मते तीही चूकच. पक्षाघात टाळण्यासाठी सुरू केलेली गोळी मग पुरी पडेलच याची खात्री राहत नाही.

रक्त पातळ करणाऱ्या जुन्या वॉर्फरिन गोळीचा निचरा मुख्यतः यकृतात होतो, म्हणून किडनीच्या रुग्णांना ते सरसकट निर्धोक, असाही एक समज आहे. अशा रुग्णांना ते अनेकदा कमी मात्रेत पुरते आणि त्यांचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे माप) वर-खाली होत राहतो, त्यामुळे तो वारंवार तपासावा लागतो. नव्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही, पण क्रिएटिनिन तपासत राहावेच लागते. क्लिअरन्स 60च्या खाली असेल, तर त्या आकड्याला दहाने भागावे आणि तितक्या महिन्यांनी तपासणी करावी, असा एक सोपा ठोकताळा तज्ज्ञ वापरतात. 40 असेल तर चार महिन्यांनी. मध्येच जुलाब-उलट्या झाल्या, अंगातले पाणी कमी झाले किंवा गुडघेदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक परस्पर सुरू झाले, तर तेवढेही थांबू नये. या वेदनाशामकांनी मूत्रपिंडावर ताण येतो आणि रक्तस्रावाचा धोकाही वाढतो.

हे वाचून कुणी स्वतःच गोळी अर्धी करू नये. डोस डॉक्टरांनीच बदलायचा. प्रयोगशाळांनी नमुना घेताना वजन नोंदवून क्रिएटिनिनशेजारी क्लिअरन्सही छापला, तर आमची निम्मी फोनाफोनी वाचेल. पुरवणीत या विषयावर हृदयरोगतज्ज्ञ आणि मूत्रपिंडविकारतज्ज्ञ यांचा एकत्रित लेख यावा, ही विनंती.

आपली,
एक रुग्णालयीन फार्मासिस्ट