साइड कव्हरच्या आतली सीलबंद पिशवी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गणेश चवथीच्या दोन दिवस आधीची गोष्ट. कणकुंबीला बहिणीकडून माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या मंडपीचे, सामान घेऊन मी चोर्ला घाट उतरत होतो. पाऊस नुकताच थांबला होता आणि डोंगरावरून आलेली तांबडी माती वळणावळणावर रस्त्यात पसरली होती. बेळगावच्या बाजूच्या तीन मोटरसायकली मला मागे टाकून पुढे गेल्या. दोन वळणे उतरलो तर त्यांतली मधली गाडी आडवी आणि बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा गटारात. फूटरेस्टने पोटरी फाडली होती. रक्त थेंब थेंब नव्हते, वाहत होते.

माझ्या दुचाकीत प्रथमोपचाराची पेटी, म्हणजे एक सीलबंद पिशवी, होती. गाडी घेतली तेव्हा शोरूमवाल्याने चावीबरोबर हातात दिलेली, साइड कव्हरच्या आत कोंबलेली. त्याला अकरा वर्षे झाली. आधी कव्हरवर लटकवलेली माटोळीची पिशवी सोडावी लागली, मग इंजिनाला लावलेली चावी काढून कव्हर उघडावे लागले, आणि मग पिशवीचे प्लास्टिक दातांनी फाडावे लागले. आत काय? कापसाची गुंडाळी, बोटभर रुंद बँडेज, गोंद वितळून कागदालाच चिकटून बसलेल्या चार पट्ट्या आणि जंतुनाशकाची एक बाटली, जिचे बूच शेवटपर्यंत उघडले नाही.

मी कापूस घेतला आणि जखमेवर ठेवला. तो भिजला. उचलून पाहिला, पुन्हा ठेवला. अर्ध्या अर्ध्या मिनिटाला 'थांबले का' म्हणून उघडून बघत होतो आणि दर वेळी ते नव्याने सुरू होत होते. कापसाचे तंतू जखमेत अडकले ते वेगळेच. मुलाच्या मित्रांपैकी एक जण त्याचे हेल्मेट ओढून काढायच्या मागे, दुसरा बाटलीतले पाणी पाजायच्या. आम्ही तिघेही मदतच करत होतो, बरे का.

तेवढ्यात बेळगावहून येणारी बस थांबली आणि कंडक्टर खाली उतरला. पन्नाशीचा, खानापूरकडचा असावा बोलण्यावरून. पिशवीतून कोरडा पंचा काढला, चार घड्या घातल्या, जखमेवर ठेवला, माझा तळवा त्यावर ठेवून वरून स्वतःचा हात दाबला आणि म्हणाला, "सारखं उघडून काय बघालायसा? दाबून धरा की!"

पंचा भिजला तेव्हा मी सवयीने तो उचलायला गेलो. त्याने माझा हात धरला. पहिले फडके काढायचे नाही, दुसरे त्यावरच ठेवायचे. खाली रक्ताची गुठळी धरू लागलेली असते, ती आपणच उपटतो. बसमधल्या एका बाईने ओढणी दिली, ती त्याने वरून घट्ट आवळून बांधली. मग मुलाच्या पायाची बोटे हलवून घेतली, अंगठ्याचे नख दाबून सोडले आणि पांढरे पडलेले नख पुन्हा गुलाबी होते का ते पाहिले. पट्टी फार आवळली गेली तर ते कळते म्हणे. हेल्मेटवाल्याला त्याने एका शब्दात गप्प केले. मुलगा बोलत होता, श्वास नीट चालू होता, मग मान हलवून हेल्मेट काढायची घाई कशाला?

त्या वळणावर मोबाईलला रेंज नव्हती. म्हणून एका मुलाला केरीच्या चेकनाक्यावर पिटाळले, रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करायला. बसच्या ड्रायव्हरने तोवर वरच्या आणि खालच्या वळणाआधी झाडाच्या फांद्या मोडून रस्त्यावर टाकल्या. हे मात्र आपल्याकडे कुणाला शिकवावे लागत नाही. पण क्रम लक्षात घ्या: हे सर्वांत आधी करायला हवे होते. मी माझी गाडी वळणाच्या पोटातच उभी करून धावलो होतो. मागून ट्रक आला असता तर प्रथमोपचार आम्हा सगळ्यांनाच लागला असता.

मुलगा सुखरूप आहे, टाके पडले, इतकेच. त्याच्या काकांचा फोन आला होता. मला लिहायचे आहे ते दुसरेच.

निघताना मी कंडक्टरला विचारले, हे कुठे शिकलात? तो हसला. "कंडक्टरच्या बिल्ल्यासाठी प्रथमोपचाराचा दाखला लागायचा. तेव्हा शिव्या घालत कोर्स केला होता." आणि घंटी मारून गेला.

तिकीट फाडणाऱ्याकडून आपण हा दाखला मागतो. दुचाकी चालवणाऱ्याकडून काय मागतो? आठचा आकडा काढून दाखव, पाय टेकवू नको. गोव्यात दुचाकी नसलेले घर शोधावे लागेल, आणि दुचाकीवरचा माणूस पडला की त्याच्याजवळ सर्वांत आधी पोहोचतो तो दुसरा दुचाकीवालाच. १०८ ची सेवा आपल्याकडे २००८ पासून आहे, पुढे मोटरसायकलवरच्या रुग्णवाहिकाही आल्या. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण घाटातल्या वळणापर्यंत गाडी यायला वेळ लागणारच आणि तिथून बांबोळीचे मोठे सरकारी रुग्णालय म्हणजे दीड तास धरा. मोठी रक्तवाहिनी फाटली तर माणूस काही मिनिटांत जातो. ती मिनिटे डॉक्टरच्या वाट्याला येतच नाहीत, रस्त्यावरच्या माणसाच्या येतात.

पुढच्याच महिन्यात मी प्रथमोपचाराच्या एका शिबिरात जाऊन रविवारचे तीन तास घालवले. बावन्नाव्या वर्षी रबराच्या पुतळ्यापुढे गुडघे टेकून बसताना लाज वाटली, खोटे कशाला सांगू. श्वास थांबलेल्या माणसाची छाती दाबायची ती मिनिटाला शंभर ते एकशे वीस वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल. दोन मिनिटांत माझे खांदे भरून आले आणि दाब उथळ पडू लागला. म्हणूनच दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असतो. हे मी इथे लिहिले म्हणून तुम्हाला येणार नाही. पोहणे जसे पत्रातून येत नाही तसेच. पुतळा दाबूनच पाहावा लागतो.

हेल्मेटचेही तिथेच नीट समजले. काढायचेच नाही असा नियम नाही. श्वास चालत नसेल, उलटीने तोंड भरले असेल, तर काढावेच लागते, पण दोघांनी. एकाने खालून मान आणि जबडा स्थिर धरायचा, दुसऱ्याने पट्टा सोडून हेल्मेट दोन्ही बाजूंनी थोडे फाकवत हळूहळू सरकवायचे. आम्ही आठ जणांनी आळीपाळीने केले, आणि पहिल्या खेपेला आठही जणांनी मान हलवली.

आता पिशवीबद्दल. जुनी मी फेकून दिली. नवीत रुंद रोलर बँडेज आहेत तीन, क्रेप बँडेज एक, निर्जंतुक गॉजच्या घड्या भरपूर, त्रिकोणी पट्टी, चिकटपट्टी, रबरी हातमोज्यांचे दोन जोड, छोटी बॅटरी आणि जीन्स कापेल अशी बोथट टोकाची मजबूत कात्री. कापूस नाही. गोळ्या नाहीत, अनोळखी माणसाला काय चालते, काय नाही, मला काय ठाऊक? एका कार्डावर माझा रक्तगट आणि घरचा नंबर, कारण गटारात मीही असू शकतो. सगळे झिपच्या प्लास्टिक पिशवीत. आपल्या आषाढ-श्रावणात कपाटातल्या चपलेला बुरशी येते, तिथे गाडीवरच्या गॉजचे काय होणार? दर चवथीला घर झाडताना तीही उघडून पाहायची असे ठरवले आहे. आणि ती साइड कव्हरच्या आत नाही. हँडलजवळच्या छोट्या बॅगेत, सर्वांत वर, एका हाताने निघेल अशी.

गटाने फिरणाऱ्यांनी एक करावे. डिसेंबरात वागातोर-हणजूण भागात बुलेटवाल्यांचे तांडेच्या तांडे उतरतात, पुण्या-कोल्हापूरहूनही येतात. त्यांची पेटी बहुधा म्होरक्याच्या गाडीवर असते, कारण मोठ्या पेट्या त्याच्याच गाडीला. पण मधला कोणी पडला तर म्होरक्याला चार वळणे गेल्यावर कळते. पेटी शेवटच्या गाडीवर ठेवा. शेवटचा माणूस प्रत्येक अपघातापाशी आपोआप पोहोचतो.

किनाऱ्यावरची गोष्ट वेगळी. तिथे भाड्याच्या स्कूटरवर अर्ध्या चड्डीत बसलेले पर्यटक, आणि पिंढरीवर सायलेन्सरचा चटका. माझा भाचा कळंगुटला गाड्या भाड्याने देतो. तो सांगतो, गाडी परत करायला येतात तेव्हा चटक्यावर टूथपेस्ट फासलेली, कधी हळद, कधी बर्फ बांधलेला. यातले काहीही नको. नळाखाली वीस मिनिटे धरा. साधे वाहते पाणी, घड्याळ लावून वीस मिनिटे. भाच्याने आता काउंटरजवळच्या नळावर तसे लिहून चिकटवले आहे. भाड्याच्या प्रत्येक गाडीच्या डिकीत पिशवी ठेवायचेही त्याच्या मनात आहे, पण "मामा, टूलकिटसुद्धा परत येत नाही" हे त्याचे म्हणणेही खोटे नाही.

माझे मेहुणे म्हणाले, "कशाला या भानगडीत पडता, उद्या पोलीस-कोर्ट मागे लागले तर?" पुष्कळांच्या मनात हेच असते, म्हणून लिहितो. मदत करणाऱ्याच्या संरक्षणासाठी केंद्राने २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, सर्वोच्च न्यायालयाने त्या २०१६ मध्ये बंधनकारक केल्या, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आले. चांगल्या हेतूने तातडीची मदत करताना चूक होऊन जखमीला काही झाले तरी मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. नाव-पत्ता सांगण्याची सक्तीही करता येत नाही. गंभीर जखमीला पहिल्या तासात रुग्णालयात पोहोचवणाऱ्याला 'राहवीर' योजनेत २५ हजार रुपये मिळतात. हा आकडा २०२५ मध्ये पाच हजारांवरून वाढला. बक्षिसासाठी कोणी थांबेल असे नाही, पण मेहुण्यांसारख्यांची भीती तरी जावी.

माझी सूचना पायलटांसाठी आहे. पिवळ्या मडगार्डच्या मोटरसायकलवर माणूस नेणारा पायलट गोव्याखेरीज फारसा कुठे दिसत नाही. बसस्टँडवर, बाजारात, फेरीधक्क्यावर तो दिवसभर उभा असतो, गल्ल्या त्याला पाठ असतात आणि अपघाताची बातमी त्याला सगळ्यांत आधी कळते. प्रत्येक पायलट स्टँडवर एक पिशवी आणि तिथल्या निदान दोघांना कंडक्टरच्या बिल्ल्यासारखा दाखला, हे वाहतूक खात्याला जड जाऊ नये. सेंट जॉन अॅम्ब्युलन्स आणि रेडक्रॉससारख्या संस्था हे शिकवतातच. गणवेश आणि परवाना तपासायला जो अधिकारी स्टँडवर जातो, त्यानेच पिशवीही उघडून पाहावी. आणि उघडूनच पाहावी, पिशवी आहे म्हणून खूण करून जाऊ नये. माझ्याकडेही अकरा वर्षे होती.

तुमच्याकडेही एक मागणे आहे, संपादक महाशय. 'आजचे कार्यक्रम' या सदरात भजनी मंडळांपासून नाट्यप्रयोगांपर्यंत सारे छापून येते. डिचोली, फोंडा, म्हापसा, मडगाव, कुठेही प्रथमोपचाराचा वर्ग असेल तर त्याची तारीख, जागा आणि वेळ त्याच सदरात द्यावी. मला त्या शिबिराचा पत्ता लागला तो एका औषधाच्या दुकानात, काचेवर चिकटवलेल्या, पावसाने शाई पसरलेल्या कागदावरून.

कळावे,
आपला एक वाचक,
केरी, सत्तरी

ता. क. – तो पंचा कंडक्टरला परत द्यायचा राहिला आहे. धुऊन ठेवला आहे. बस घाटात पुन्हा दोनदा दिसली, दोन्ही वेळा कंडक्टर दुसराच होता.