उलांडी आणि पंख

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, पाण्यावर उतरणारं विमान सगळ्यात बिनधोक. इंजिन बंद पडलं तर होडीसारखं तरंगत राहायचं." मी गप्प बसलो. तीस वर्षं होड्यांची इंजिनं उघडतोय, दोन शब्दांत उत्तर देता येईना.

13 जानेवारी 1923. फ्लोरिडातल्या की वेस्टहून 'कोलंबस' नावाचं विमान क्युबातल्या हवानाला निघालं. कंपनी एरोमरीन. अंतर जेमतेम एकशे सत्तर किलोमीटर. (अमेरिकेत तेव्हा दारूबंदी, म्हणून हवानाची ओढ. घशाच्या कोरडीपायी माणूस समुद्रही ओलांडतो!) विमान मूळचं नौदलासाठी बेतलेलं, पोट लाकडी होडीचं, वर दोन लिबर्टी इंजिनं. वाटेत इंजिनाने दगा दिला. वैमानिकाने ते समुद्रावर उतरवलंही. म्हणजे इथवर तुझंच खरं. पण समुद्र खवळलेला होता, लाटांनी पोटात पाणी भरलं. रेल्वेचे डबे वाहणाऱ्या 'एच. एम. फ्लॅगलर' या फेरीबोटीने पाच जणांना वाचवलं. चार उतारू गेले.

मी त्या विमानाची मापं बघत बसलो. होडी 49 फुटांची आणि पंख 103 फुटांचे! आपल्याकडे होडी कलंडू नये म्हणून एका बाजूला उलांडी, म्हणजे आडव्या दांड्यांवर तरंगतं लाकूड, बांधतात, ती केवढीशी असते. इथे दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास फूट, त्यातही दुमजली. वारा धरायला शीड आणि लाट धरायला फळी, दोन्ही तेच.

तू सातवीत होतीस तेव्हा हर्णैबाहेर आमचं इंजिन बंद पडलं होतं, आठवतंय? डिझेलच्या फिल्टरात पाणी. मी फिल्टर काढून हातात धरतोय तोवर बोट लाटेला आडवी झाली. इंजिन चालू असताना समोरून येणारी तीच लाट, आता कुशीवर आदळायला लागली. तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाने, दोराला जाळ्याची गुंडाळी बांधून नाळेवरून, बोटीच्या पुढच्या टोकावरून, सोडली, तेव्हा कुठे तोंड वाऱ्याकडे फिरलं. मग मी फिल्टर धुतला. आईला यातलं निम्मंच सांगितलंय, तूही सांगू नकोस.

तुमच्या सरांना एक विचार: आताच्या सी-प्लेनमध्ये समुद्रात सोडायचा असा काही नांगर असतो का? तांडेल म्हणतो असणारच, मी म्हणतो नसेल. पाचशेची पैज आहे.

तुझा,
बाबा